जंगलात न्यायची सुरी

बदलीच्या नोकरीत भाड्याची घरं बघून बघून घरमालकांचे प्रश्न मला तोंडपाठ झाले होते. नॉनव्हेज करता का, पाहुणे किती येतात, मिस्टर कुठे असतात. साताऱ्याच्या या मालकांनी यातलं काहीच विचारलं नाही. वरच्या मजल्यावरच्या खोल्या दाखवल्या, पाण्याच्या वेळा सांगितल्या, परसातलं लिंबाचं झाड दाखवून "लिंबं इकत घेऊ नका" असं बजावलं आणि मग जिन्यात थांबून अगदी गंभीरपणे विचारलं, "म्याडम, सुरी कंची वापरता?"

मला वाटलं, यांच्याकडे चिराचिरीचं काही सोवळंओवळं असेल. मी पर्समधून माझा घडीचा चाकू काढला. लाल मुठीचा, नवऱ्याने कुठल्याशा सहलीत घेतलेला. मालकांनी तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला, खिळ्यापाशी अंगठ्याने दाबून बघितला आणि माझ्या हातात न देता कठड्यावर ठेवला. धारेची वस्तू हातातून हातात दिली की भांडण होतं, एवढं मलाही माहीत होतं.

"मिटतोय," ते म्हणाले. "सांधा आला की भरवसा गेला. ऱ्हावा तुमी खुशाल. पर जंगलात ह्यो न्यायचा न्हाई."

मी कशाला जंगलात जाईन, हे विचारायचं राहूनच गेलं. जंगलात त्यांना जायचं होतं.

मालक पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. घराणं मात्र फौजी. वडील, चुलते, थोरला भाऊ, सगळे गणवेशात बैठकीच्या भिंतीवर, आणि त्या रांगेच्या टोकाला शाल-नारळ घेऊन निवृत्त होणारे हे. भरतीच्या वेळी तळपाय सपाट निघाले म्हणून यांना परत पाठवलं होतं. "सरकारला आमचं पाय न्हाई पटलं," असं ते सांगायचे, आणि सांगताना हसायचे नाहीत.

बायको गेल्यावर त्यांनी नातेवाइकांसमोर जाहीर करून टाकलं होतं की लेकीचं लग्न लावून दिलं की आपण कोयनेच्या पलीकडच्या रानात जाऊन राहणार. एकटे. वानप्रस्थाचं आपल्याकडे लोक कीर्तनात ऐकतात, माना डोलावतात आणि चहा पिऊन घरी येतात. यांनी ते खात्याच्या परिपत्रकासारखं घेतलं. परिपत्रक म्हटलं की आधी साधनसामग्री आली. जंगलात माणसाला एकच वस्तू पुरते, ती म्हणजे चांगली सुरी. ती मिळाली की निघायचं. मी राहायला गेले तेव्हा ती शोधायला लागून बरीच वर्षं झाली होती आणि ती काही मिळत नव्हती.

प्रयत्न नव्हते असं कुणी म्हणू नये. महिन्या-दोन महिन्यांनी पार्सल यायचं. रात्रीचं जेवण झालं की मालक मोबाइल तांब्याला टेकवून व्हिडिओ बघायचे. त्यात कुठल्या तरी बर्फाळ देशातला दाढीवाला एका सुरीने झाडं सोलायचा, मासे साफ करायचा, ठिणग्या पाडून चूल पेटवायचा. मालकांना त्याची भाषा कळत नव्हती, पण दोघांचं पटत होतं. "ह्यो गडी खरा हाय," ते म्हणायचे. "ह्याच्या सुरीची पाठ बघा. कशी जाड हाय."

पसंतीचे नियम मला ऐकून ऐकून पाठ झाले. पातं आपल्या पंजाएवढं हवं; मोठं झालं तर तो कोयता आणि लहान झालं तर ती लिंबू कापायची. पोलाद मुठीच्या बुडापर्यंत सलग गेलेलं हवं आणि त्याला दोन्ही बाजूंनी लाकूड ठोकलेलं. "काही कंपन्या आत पेन्सिलीएवढी दांडी घालत्यात आन् वरनं रबर चढवत्यात. दिसाया झ्याक. एक लाकूड फोडाया घेतलं की मूठ हातात आन् पातं रानात." पोलाद गंजणारंच हवं, कारण ते धार धरतं आणि ओढ्यातल्या दगडावरही ती लावता येते. स्टेनलेसला ते न गंजणारं आणि न ऐकणारं म्हणायचे. हळूहळू त्यांनी माणसंही या नियमांत बसवली. शेजारचे वकील मिटणारे होते. दूधवाला सलग होता, पण त्याला धार नव्हती. मी स्टेनलेस होते. ही प्रशंसा आहे का, हे मी विचारलं नाही.

सुरीची परीक्षा रविवारी सकाळी गच्चीवर व्हायची, म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर. जळणाचं लाकूड उभं करायचं, त्यावर सुरी आडवी धरायची आणि दुसऱ्या ओंडक्याने तिच्या पाठीवर घाव घालत लाकूड फोडायचं. माझी रविवारची झोप त्या घरात कधी पुरी झाली नाही. परीक्षेत सगळ्या सुऱ्या नापास व्हायच्या आणि थोरल्या भावाच्या काळ्या फौजी ट्रंकेत जाऊन पडायच्या.

नापास करण्यात आक्काचाही हात असायचा. आक्का म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. तिशी उलटलेली, शाळेत विज्ञान शिकवायची. लाकूड फुटलं, मालक खूश झाले, की ही शांतपणे म्हणायची, "आबा, जोर दिला की अंगठा पुढं सरकतोय बघा."

मालक पुन्हा मूठ धरून बघायचे. "व्हय की गं. म्याडम, बघितलं का? माझ्या ध्यानातच आलं न्हवतं."

मला वाटायचं, वेड वारशाने आलंय. एकदा संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. मी सहज विचारलं, "लग्नाचं काय ठरवलंस?" तर तिने सगळंच सांगितलं. मिरजेला हाडांच्या दवाखान्यात फिजिओथेरपी करणारा एक मुलगा होता. सांगलीत कॉलेजात असल्यापासूनचा. तो थांबला होता, त्याची आईही थांबली होती.

"मग अडलंय कुठे?"

"मी गेले की हा माणूस खरंच जाईल हो ताई. बीपीची गोळी हातात ठेवल्याशिवाय घेत नाहीत. पंख्याशिवाय झोप नाही. तिथं रानात पंखा कोण लावणार आहे? सुरी मिळत नाही तोवर आबा घरी आहेत. म्हणून मी पण आहे."

म्हणजे एका शिकलेल्या, कमावत्या बाईचं लग्न सुरीच्या मुठीवर अडलं होतं. मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. तिला ते दोन्ही दिसलं असावं, कारण ती चहा न घेता खाली गेली.

महाबळेश्वरची गोष्ट त्याच पावसाळ्यातली. मालकांना ओल्या हातात मूठ कशी राहते ते बघायचं होतं. मी म्हटलं, नळाखाली धरून बघा. "नळाचं पाणी येगळं, पावसाचं येगळं," ते म्हणाले, आणि आम्हा दोघींना एसटीत घालून ऐन जुलैत महाबळेश्वरला घेऊन गेले. तिथे कुठल्याशा पॉइंटवर, समोर हातभरही दिसत नव्हतं अशा पावसात, रेनकोट घातलेले मालक नंगी सुरी मुठीत धरून निश्चल उभे राहिले. एरवी गिऱ्हाइकाच्या पाठी लागणारे टॅक्सीवाले त्या दिवशी आमच्याकडे फिरकले नाहीत. शेवटी एकाने काच चार बोटं खाली करून मला विचारलं, "बाई, तुमचं कोण हायती का ते?"

"घरमालक आहेत," मी म्हटलं.

त्याने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "खोली बदला," म्हणाला आणि काच वर केली.

मग परीक्षेसाठी तंबूची खुंटी तासून बघताना ती सुरी निसटून खालच्या झाडोऱ्यात गेली. ती शोधण्यात आम्ही तिघं चिंब झालो आणि परत आल्यावर मालकांना सणकून ताप भरला. आक्का रजा टाकून उशाशी बसली. दोन घोंगड्यांखालून मालक कण्हत म्हणाले, "जंगलात ह्ये न्हाई चालायचं." त्यांचं बोलणं सुरीबद्दल होतं.

खंडेनवमीला मात्र ट्रंकेतल्या सगळ्या सुऱ्या बाहेर निघायच्या. पाटावर ओळीने मांडायच्या, हळदकुंकू वाहायचं, प्रत्येकीपुढे झेंडू. "नापास झाल्या म्हणून काय झालं," मालक म्हणायचे, "लोखंडच हाय त्ये. त्येचा काय दोष?" त्या ओळीच्या मागे लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी ठेवलेलं असायचं आणि हळदकुंकू त्या फडक्यावरच पडायचं. मी विचारलं तर म्हणाले, "आक्काच्या आईची आठवण हाय." कुणाच्या मेलेल्या बायकोच्या आठवणी उलगडून दाखवा म्हणण्याइतकी मी स्टेनलेस नव्हते.

त्या दिवाळीनंतर मिरजेच्या मुलाच्या आईने निरोप धाडला की आता हो किंवा नाही काय ते सांगा. आक्काने एकदाचं वडिलांपुढे तोंड उघडलं. मी मुद्दाम खाली जाऊन बसले होते.

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. "लग्नाला माझी ना न्हाई," ते म्हणाले. "पर आदी सुरी मिळू दे."

माझा तोल गेला. "मालक, तुम्हाला सुरी मिळायला नकोच आहे!"

"म्याडम, तुमचा चाकू मिटणारा हाय," ते शांतपणे म्हणाले. "तुमी ह्यात बोलू नका."

पण मुलाला बघायला नको असं ते म्हणाले नाहीत. मुलगा पुढच्या रविवारी आला. सडपातळ, चष्मा लावणारा, बोलण्याआधी थोडा थांबणारा. मालकांनी पोहे येण्याआधीच ट्रंक उघडून सतरंजीवर सगळ्या सुऱ्या मांडल्या. "ह्यातली एक निवडा. जंगलात न्यायची हाय." आक्का दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. तिचं काय व्हायचं ते आता त्या सतरंजीवर ठरणार होतं.

मुलाने एक सुरी उचलली, भीत भीत वजन बघितलं आणि खाली ठेवली. मग म्हणाला, "ही कुणाच्या हातात बसवायची आहे? आधी हात द्या बघू."

त्याने मालकांचा उजवा हात धरला आणि अंगठ्याच्या मुळाशी जरासं दाबलं. मालक ओरडले.

"हा सांधा झिजलाय," मुलगा म्हणाला. "जोर दिला की दुखत असेल आणि पकड सुटत असेल. तुम्हाला वाटतं, मूठच घसरते. कुठलीही सुरी आणली तरी असंच वाटणार."

मालक स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ते ज्या दोषाला नावं ठेवत होते तो त्यांच्याच हातात निघाला होता.

"सांधा," ते शेवटी म्हणाले. "माझ्यातच हुता म्हणायचा." मग पोह्यांची बशी त्यांनी स्वतः उचलून मुलापुढे सरकवली. "ह्यो आदी हात बघतोय, मग सुरी. तारीख काढा."

लग्न सांगलीजवळ, माधवनगरच्या एका कार्यालयात होतं. मी आदल्या दिवशीच पोचले होते, हळदीला. आक्काने मला खोलीत ओढलं. हातात हिरवा चुडा आणि डोळे रडून सुजलेले.

"ताई, आबांनी सॅक आणलीय. झोपायची पिशवी, काडेपेटी, दोरी. बीपीच्या गोळ्यासुद्धा आठवणीनं भरल्यात. उद्या माझी पाठवणी झाली की ते परस्पर बामणोलीला जाऊन कोयनेपलीकडची लाँच पकडणार. बोललो होतो तसं करतो, म्हणतात. मी उभी राहू कशी उद्या?"

मी मालकांना शोधत गेले. ते पलीकडच्या खोलीत सॅकजवळ बसले होते, नवा फेटा मांडीवर ठेवून.

"सुरी मिळाली का?" मी जरा तोडूनच विचारलं.

"मिळंल," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

तेवढ्यात बाहेर गोंधळ सुरू झाला. नवऱ्या मुलाची कट्यार घरीच, देव्हाऱ्यापाशी राहिली होती. हळद लागली की अक्षता पडेपर्यंत नवरदेवाच्या हातात लिंबू खोचलेलं लोखंड हवं. मुलाची आई त्याशिवाय हळद लावू देईना आणि मिरजेला जाऊन यायचं तर वेळ टळत होती. आचाऱ्याकडून सुरी आली, तिला कांद्याचा वास होता. कुणीतरी केक कापायची प्लॅस्टिकची सुरी पुढे केली. शेवटी मी पर्समधून माझा लाल चाकू काढला आणि मुलाच्या मामांनी "चालंल की" म्हणत तो घेतलासुद्धा.

"थांबा!" मालक दारातून ओरडले. "मिटणारं नवरदेवाच्या हातात देताय?"

ते आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. फडक्यावर कितीतरी दसऱ्यांचं वाळलेलं हळदकुंकू होतं. मी ते लगेच ओळखलं.

त्यांनी गाठ सोडली. आत सुरी होती. पंजाएवढं पातं, जाड पाठ, मुठीच्या बुडापर्यंत सलग गेलेलं काळसर पोलाद आणि त्यावर गुळगुळीत लाकूड. तेल देऊन देऊन जपलेली. त्यांचा एकूण एक नियम त्या सुरीत होता. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की नियम आधी नव्हतेच, आधी ही सुरी होती. बाकीच्या सगळ्या बिचाऱ्या हिच्याशी ताडून नापास होत होत्या.

"आबा," आक्का म्हणाली. "ही कधीची?"

"तुझी आई गेली त्या साली करून घेतली. हितंच जवळ, मिरजंला. मूठ तंबोऱ्याच्या लाकडाची हाय."

"मग इतकी वर्षं शोधत काय होतात?"

मालकांनी मान वर केली नाही. "मिळाली म्हणलं असतं तर जावं लागलं असतं की. समद्यांम्होरं बोलून बसलो हुतो. तुला हितं एकटी सोडून कसा जाणार हुतो?"

आक्का रडता रडता हसायला लागली. "आणि मी काय करत होते, आबा? खोट्या खोट्या चुका काढत होते."

"ठावं हाय," मालक म्हणाले. "त्या निळ्या सुरीवर अंगठा कुटं सरकत हुता?"

मुलाची आई पुढे आली. तिने लिंबू मागवलं. लिंबू बघून मालकांचा चेहरा पडला. "लिंबू? ह्या पोलादाला? काळा डाग पडतोय त्येनं." पण पाटावर नवरदेव बसला होता आणि सगळं कार्यालय थांबलं होतं. मालकांनी खोबरेल तेल मागितलं, पात्याच्या टोकाला चार वेळा चोळलं आणि लिंबू स्वतःच्या हाताने खोचलं. मग सुरी पाटावर ठेवली. मुलाने ती उचलली, आणि मूठ कशी धरायची ते एकदा सासऱ्याकडे बघून नीट करून घेतलं.

"लग्न लागलं की माघारी देतायसा न्हवं?" मालकांनी विचारलं. "मला उद्याच्याला लागंल ती."

मुलाच्या आईने पाटामागे उभ्या असलेल्या आक्काकडे एकदा बघितलं. "परत कशी देणार?" ती म्हणाली. "हळदीला हातात घेतलेलं लोखंड आमच्या देव्हाऱ्यात जातं. ते घराबाहेर काढत नाहीत आमच्यात."

ही रीत त्यांच्यात खरोखर आहे की त्या बाईंनी ती जागच्या जागी काढली, हे मला अजून कळलेलं नाही. मुलाचे मामा तिच्याकडे चकित होऊन बघत होते, एवढं मी पाहिलं. मालकांनी मात्र लगेच हात जोडले. "रीत हाय म्हणल्यावर काय करायचं," ते म्हणाले, आणि फौजी घराण्यातल्या त्या कारकुनाच्या तोंडावर मला पहिल्यांदा रजा मंजूर झाल्याचा आनंद दिसला. दुसऱ्या दिवशी पाठवणीला ते सगळ्यांच्या देखत ढसाढसा रडले आणि सॅक पाठीला लावून माझ्याबरोबर साताऱ्याला परत आले.

लिंबाने व्हायचं ते केलंच. तेल लावूनही पात्याच्या टोकाला काळा डाग पडला. मालकांना तो सहन होईना. ते दर पंधरवड्याला मिरजेला जाऊन, देव्हाऱ्यासमोर बसून तो घासायला लागले. घासून झालं की धार लावायची, तेल द्यायचं, जेवायचं, जावयाकडून अंगठा शेकून घ्यायचा आणि राहून दुसऱ्या दिवशी यायचं.

"ताई, कुणाला सांगू नका," आक्का मला एकदा फोनवर म्हणाली. "आबा डाग पार काढतात हो. ते गेले की मी पात्याला पुन्हा लिंबाची फोड चोळून ठेवते."

परवा मी ऑफिसला निघाले तर मालक स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघत उभे. पाठीला तीच सॅक.

"काय मालक, डाग अजून गेला नाही?"

"न्हाई की. लय चिवट हाय."

"मग जंगलाचं कसं?"

"सुरी धड न्हाई तवर कसं जायाचं, म्याडम?" ते म्हणाले. गाडी लागली. ते चढले, खिडकीशी बसले आणि सॅक मांडीवर घेतली. सॅकच्या वरच्या कप्प्यातून एक भरलेली कापडी पिशवी डोकावत होती. मी बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"परसातली लिंबं हायती," ते म्हणाले. "आक्काला लागत्यात."